संथ बोट, पळती बोट आणि तीस पर्यटकांचा दिवस

गोसीखुर्द धरणामागे साठलेल्या पाण्याचा फुगवटा ज्या गावांच्या शिवाराला येऊन टेकला आहे, त्यांपैकी एका गावातली ही गोष्ट. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला पर्यटकांसाठी बोट घ्यायची होती. सभासद बहुतेक ढिवर समाजाचे, पिढ्यानपिढ्या वैनगंगेवर डोंगा चालवणारे. मी काही वर्षं समुद्रावरच्या बोटींच्या इंजिनांचं काम केलं आणि मग गावाकडे परतलो, म्हणून सल्ल्यासाठी मला बोलावणं आलं. गावाचं आणि संस्थेचं नाव इथे देत नाही. बाकी सगळा हिशेब बैठकीत मांडला तसाच देतो, कारण आपल्याकडच्या प्रत्येक तलावाकाठी आज हाच प्रश्न उभा आहे.

या धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाणी चढत गेलं तशी शेतं, विहिरी, आंब्या-मोहाची झाडं आणि गावंच्या गावं खाली गेली. ज्यांची घरं बुडाली त्यांच्या वाट्याला मासेमारी आली. तिचंही खरं नाही, कारण नागपूरचं सांडपाणी नाग नदी आणि कन्हानमार्गे याच पाण्यात उतरतं आणि त्याच्यावर जलपर्णी पोसते. आंभोऱ्याचा केबलवर तोललेला पूल २०२४ मध्ये सुरू झाला, त्याच्या उंचावरच्या गॅलरीतून नद्यांचा संगम पाहायला शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसं येऊ लागली. या गर्दीतून संस्थेला चार पैसे मिळावेत, एवढीच साधी अपेक्षा होती.

पहिल्याच बैठकीत तरुण पोरांनी मोबाईलवर एक पांढरी, टोकदार स्पीडबोट दाखवली. "भाऊ, लोकायले पळणारी बोट पायजे. हळू चालनाऱ्या बोटीत बसाले कोन येईन?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मतांनी देण्यापेक्षा आकड्यांनी द्यावं, असं ठरलं.

समोर तीन पर्याय होते. साठ अश्वशक्तीचं पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन, लावलेली फायबरची सहा आसनी स्पीडबोट. ॲल्युमिनियमच्या दोन नळकांड्यांवर सपाट फळा टाकलेली पॉन्टून बोट. आणि पाण्याच्या रेषेवर नऊ मीटर लांबीची, आत छोटं डिझेल इंजिन बसवलेली लाँच. पॉन्टूनचा विषय लवकर संपला. कुटुंबांसाठी ती सोयीची असते, सावलीही भरपूर मिळते. पण उंच छप्पर आणि उथळ बूड, त्यामुळे वाऱ्याला धरून राहत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे वावटळ आणि अवकाळीचा वारा कसा येतो ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. उघड्या फुगवट्यावर अशी बोट आडवी वाहत जाईल, असं म्हाताऱ्या सभासदांनी चित्र पाहूनच सांगितलं. खरी लढत उरलेल्या दोघींतच होती.

या दोन बोटींमधला फरक इंजिनाचा आहे असं बहुतेकांना वाटतं. मुळात तो बुडाच्या आकाराचा आहे. स्पीडबोटीचं बूड चपटं आणि कडेला धारदार असतं. पुरेशी ताकद लावली की ती पाण्यावर चढते आणि घसरत पळते. लाँच कधीच वर चढत नाही. आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारत ती त्यातून वाट काढते. असं पाणी सारताना पुढे एक लाट उठते, मागे एक उठते. वेग वाढेल तशी या लाटेची लांबी वाढते, आणि ती बोटीच्या लांबीइतकी झाली की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या उतारावर अडकते. तिथून पुढे इंजिनाने कितीही जोर केला तरी मागचा भाग खाली बसतो, धूर वाढतो, वेग मात्र जेमतेम वाढतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्की इथे हौद बांधून, लहान नमुने ओढून हे गणित पक्कं केलं. व्यवहारात वापरायचं सूत्र सोपं आहे: पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, म्हणजे नॉट्समधला कमाल सोयीचा वेग मिळतो. आमची लाँच साडेएकोणतीस फुटांची, म्हणजे सव्वासात नॉट, तासाला साडेतेरा किलोमीटर.

तरुणांना हा आकडा ऐकून वाईट वाटलं. मग मोठं इंजिन का नको, असं एकाने विचारलं. तो प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण मोठमोठ्या मोटर यॉटचे, म्हणजे समुद्रावरच्या सहलीच्या खाजगी बोटींचे, मालकही हाच विचारतात.

समुद्रावर राहण्यासाठी बांधलेल्या संथ यॉटची एक जात आहे, ट्रॉलर यॉट म्हणतात. मासेमारीच्या जहाजांवरून घेतलेलं उंच नाक, गोल पोट, खाली लांब कणा, वर उभ्या काचांची चालककक्षाची खोली. नॉर्डहॅवन, केडी-क्रोगन ही त्यातली नावाजलेली घराणी. चाळीस फुटांची अशी बोट सात नॉटने चालली तर तासाला साधारण दहा ते पंधरा लिटर डिझेल खाते. तेवढ्याच लांबीची, दोन मोठी इंजिनं लावलेली पळती क्रूझर पंचवीस नॉटला शंभर लिटरच्या वर जाते. अंतराच्या हिशेबाने वेगवान बोट लवकर पोहोचते, हे धरूनही दर मैलाला ती दुप्पट-तिप्पट इंधन जाळते. नॉर्डहॅवनची चाळीस फुटी बोट २००१-२००२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, ती संथपणाच्याच बळावर. हॉलंडच्या लिन्सेनसारख्या पोलादी बोटी दिसायला वेगळ्या, बुटक्या आणि रुंद, कारण त्यांना कालव्यांवरच्या ठेंगण्या पुलांखालून जायचं असतं. पण बुडाचं तत्त्व तेच. या बोटींचं रूप त्यांच्या कामातून आलेलं असतं, हे मला बैठकीत सांगायचं होतं. उंच नाक समुद्राच्या लाटेसाठी, बुटकी उंची पुलासाठी. आपल्या फुगवट्यावर ना लाट, ना ठेंगणा पूल. मग आपल्या बोटीचं रूप आपल्या ऊन, वारा, जलपर्णी आणि बुडालेल्या झाडांनी ठरवायला हवं.

एका दिवसाचा हिशेब

मांडणीसाठी डिझेल ९२ रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं. स्पीडबोटीची फेरी दहा मिनिटांची, तिकीट १५०. वेगाने पळताना, वळणं घेताना, पुन्हा पुन्हा पाण्यावर चढताना साठ अश्वशक्तीचं आउटबोर्ड तासाला सरासरी पंधरा लिटर पितं, म्हणजे फेरीला अडीच लिटर, सुमारे २६२ रुपये. पाच जण बसले तर माणशी ५२ रुपये नुसतं इंधन.

लाँचची फेरी तासाभराची, तिकीट १००. दहा किलोमीटर वेगाने चालवली तर प्रवाशांसह साडेतीन-चार टनांच्या या बोटीला पाच-सहा अश्वशक्ती पुरते. तासाला दीड लिटर डिझेल, १३८ रुपये. पंधरा प्रवासी धरले तर माणशी ९ रुपये.

इथवर ऐकून सगळ्यांना वाटलं की निकाल लागला. तसा तो लागत नाही. दिवसभराचे पैसे मोजायला हवेत, आणि तिथे स्पीडबोट चांगली झुंज देते. समजा रविवारी ७५ पर्यटक बोटीत बसले. स्पीडबोटीच्या पंधरा फेऱ्या होतील, गल्ला ११,२५०, पेट्रोल सुमारे ३,९४० रुपयांचं, हातात ७,३१० रुपये. लाँचच्या पाच फेऱ्या, गल्ला ७,५००, डिझेल ६९० रुपयांचं, हातात ६,८१०. म्हणजे इंधन पाचपटीहून जास्त जाळूनही स्पीडबोट पाचशे रुपयांनी पुढे.

आता इंजिनाची झीज धरू. अशा वापरात आउटबोर्डचं आयुष्य मी अठराशे तासांचं धरलं आणि किंमत सहा लाख. ताशी ३३३ रुपये झीज. लाँचच्या डिझेल इंजिनाची किंमत साडेतीन लाख आणि आयुष्य आठ हजार तास, कारण ते आयुष्यभर अर्ध्यापेक्षा कमी भारावर चालणार. ताशी ४४ रुपये. हे वजा केलं की स्पीडबोटीचे उरतात ६,४८० आणि लाँचचे ६,५९०. दोघी जवळजवळ बरोबरीत.

म्हणून मी दुसरा दिवस मांडला, तीस पर्यटकांचा. वर्षात असेच दिवस जास्त असणार. थंडीतला एखादा शनिवार, परीक्षांचा महिना, उन्हाची दुपार. अशा दिवशी माणसं एकदम येत नाहीत, तिघं-चौघं करून येतात. स्पीडबोटीला थांबून भागत नाही, तिघांना घेऊनही निघावं लागतं, कारण दहा मिनिटांच्या मजेसाठी कोणी अर्धा तास ताटकळत नाही. दहा फेऱ्या, गल्ला ४,५००, पेट्रोल २,६२५, झीज ५५५. उरले १,३२०. लाँच वेळापत्रकाने सुटते. अकरा, दोन आणि साडेचार. तीन फेऱ्यांत तीस माणसं, गल्ला ३,०००, डिझेल ४१४, झीज १३२. उरले २,४५४.

चालक आणि मदतनीस यांचा पगार महिन्याला सत्तावीस हजार धरला होता, म्हणजे दिवसाला नऊशे. तीस पर्यटकांच्या दिवशी स्पीडबोट जेमतेम पगार काढते. विमा, तपासणी, लाइफ जॅकेट, रंगकाम यांचं काय, हा प्रश्न तसाच उरतो. लाँच त्या दिवशीही श्वास घेते. संस्थेच्या सचिव ताईंनी हे दोन दिवस फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. बचत गट चालवून त्यांना मंदीच्या महिन्याची भीती माहीत आहे, गर्दीच्या दिवसाची भुरळ त्यांना पडत नाही.

सोमवार ते शुक्रवारचं काय, हे त्यांनीच विचारलं. स्पीडबोट पाच दिवस ताडपत्रीखाली उभी राहील. लाँच सकाळी फुगवट्यावर फिरून डोंग्यांवरून मासळी आणि बर्फाच्या पेट्या गोळा करू शकते, महाशिवरात्रीला भाविकांना नेऊ शकते, शाळेची सहल घेऊ शकते. या कामाचे पैसे मी हिशेबात धरले नाहीत. ते मिळाले तर वर.

बूड, पत्रा आणि धानाचे कट्टे

रूपाबद्दलची चर्चा हिशेबापेक्षा लांबली आणि मला ती जास्त आवडली. बोटीची लांबी वाढवली तर वेगाची मर्यादा वाढते आणि त्याच वेगाला ताकद कमी लागते. म्हणूनच आजच्या कित्येक मोटर यॉटचं नाक तिरकं न ठेवता उभं ठेवतात. एकूण लांबी तीच, पण पाण्याच्या रेषेवरची लांबी जास्त मिळते. आम्हीही नाक उभंच घेतलं. पोरांना ते आधी भोंगळ वाटलं, मग कागदावर रंगवून पाहिल्यावर पटलं. अशा नाकाची बोट काठाला टेकवून पुढून पायरी लावता येते, नऊवारी नेसलेल्या आजीलाही हाताला धरून चढता येतं.

फायबर की पोलाद, यावर माझं मत ठाम होतं. फुगवट्याखाली झाडांचे खुंट आहेत, पडक्या भिंती आहेत, पाणी उतरलं की त्या वर येतात. फायबरचं बूड खुंटावर आपटलं तर दुरुस्तीला माणूस बाहेरून आणावा लागेल. पोलादाला पोचा पडला तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा तालुक्याचा वेल्डर तो काढतो. पोलाद जड असतं, हे खरं. पळत्या बोटीला वजन मारक असतं, कारण तिला स्वतःला पाण्याबाहेर उचलायचं असतं. सारत चालणाऱ्या बोटीला दोन-तीनशे किलो जास्त झाले तर संथ वेगात फारसं बिघडत नाही. गोड्या पाण्यात गंजही सावकाश लागतो आणि समुद्रासारखे शंख-शिंपले बुडाला चिकटत नाहीत, त्यामुळे दरवर्षीचा महागडा विषारी रंग वाचतो.

जलपर्णीने मात्र दोन गोष्टी बदलायला लावल्या. साधारणपणे बोटीचं इंजिन बाहेरचं पाणी ओढून थंड होतं. इथे ती जाळी तासाभरात तुंबली असती. म्हणून बुडाला बाहेरून नळी जोडून आतलंच पाणी तिच्यातून फिरवायचं, असं ठरलं. मोटारीच्या रेडिएटरचं काम नदी करते. आणि बोटीला ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या बरोबर वर एक घट्ट झाकण ठेवलं. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या अरुंद बोटींना असं झाकण असतं. इंजिन बंद करून, झाकण उघडून, हात घालून वेल कापून काढता येतो, पाण्यात उतरावं लागत नाही. पंख्याखाली पोलादी पट्टीचा आडोसा दिला, म्हणजे खुंट आधी पट्टीला लागेल.

चालकाची जागा मागे असावी की पुढे, यावर मी मागच्या बाजूचा होतो, प्रवाशांवर नजर राहते म्हणून. एका काकांनी ते खोडून काढलं. "पाण्याखाली आमचा गाव हाय. खुंट कोठं हाय ते मले पाण्याच्या रंगावरून समजते. मागं बसवलं त मले काय दिसनार?" चालक पुढे आला आणि मदतनीस मागे. मार्गही त्यांनीच आखला. बुडालेल्या आमराईला वळसा, मोठ्या विहिरीच्या काठापासून दूर, जुन्या बैलगाडीच्या वाटेवरून सरळ. कारण त्या वाटेवर झाडं नव्हती.

सर्वांत जास्त वेळ मी तोल या विषयावर घेतला. आपल्या नद्यांनी अलीकडे फार माणसं घेतली आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात वर्धा नदीत झुंजजवळ बोट उलटून अकरा जण गेले. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला. मोठा आवाज नाही, वादळ नाही, तरी माणसं जातात. जास्त भार आणि एका अंगाला झुकलेली माणसं एवढंच पुरतं. पर्यटक तर हमखास एका बाजूला धावणार, पूल दिसला की फोटोसाठी सगळे उठणार.

म्हणून सांगाडा पाण्यात गेल्यावर चाचणी कशी घ्यायची ते आधीच लिहून घेतलं. माणूस ६५ किलोचा धरायचा, आधी धरलेल्या चोवीस माणसांचे १,५६० किलो होतात, म्हणजे चाळीस किलोचे धानाचे एकोणचाळीस कट्टे, म्हणजे पोती. ते सगळे एका कडेला रचायचे आणि पाणी बोटीच्या काठाच्या किती खाली राहतं ते मोजायचं. कागदावरच्या गणितात चोवीस माणसांना काठ फार खाली येत होता. मग आसनसंख्या वीसवर आणली आणि बाकं कडेला न ठेवता मधोमध, पाठीला पाठ लावून ठेवली. त्यामुळे वजन मध्यरेषेजवळ राहतं आणि प्रत्येकाचं तोंड पाण्याकडे होतं. छप्पर कापडी आणि हलकं. वारा वाढला की मदतनीस दोन मिनिटांत गुंडाळेल. गाण्यांचा मोठा संच वर छपरावर बसवायचा पोरांचा बेत होता, तो रद्द झाला. वजन जितकं उंच तितका तोल वाईट, हे त्यांना डोंग्यात उभं राहून जाळं फेकताना रोज कळतंच.

अंतर्देशीय जलयानांच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे यांत्रिक बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते. तपासणीला आराखडा आणि तोलाचं गणित दाखवायचं असतं, म्हणून वेल्डरने काम सुरू करण्याआधी नौका-आराखडा करणाऱ्या माणसाकडून कागद करून घ्यायचे, यावर मी अडून बसलो. तो खर्च ऐकून दोन सभासद नाराज झाले. पण याच कागदावर विमा मिळतो, आणि विम्याशिवाय वीस माणसं पाण्यावर न्यायला मी तरी सांगणार नाही.

बॅटरीचा विचार

एका शिक्षिकेने विजेवरच्या बोटीबद्दल विचारलं. केरळात वैकम ते तवणकडव या जलमार्गावर २०१७ च्या जानेवारीपासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौरबोट चालते. आमच्या लाँचला दहा किलोमीटर वेगाला चार-साडेचार किलोवॅट पुरतात. वीस युनिटची बॅटरी असेल तर चार फेऱ्या निघतील, आणि विदर्भात उन्हाची कमतरता नाही. भांडवल आज झेपत नाही म्हणून डिझेल ठरवलं. पण आराखड्यात इंजिनाची जागा, पाया आणि दांडा असा ठेवला आहे की पुढे मोटर बसवता यावी. हे संथ बुडाला सहज जमतं. साठ अश्वशक्ती लागणाऱ्या बोटीत तेवढी बॅटरी घालायची म्हटली तर तिला पाण्यावर चढणं फार जड जाईल.

पोरांचा वेगाचा हट्ट पूर्ण गेलेला नाही. दहाऐवजी साडेतेरा किलोमीटरने चालवली तर काय, हे त्यांना तपासायचं आहे. माझ्या अंदाजाने डिझेल ताशी दीडवरून साडेतीन लिटरवर जाईल, म्हणजे किलोमीटरमागे दीडशे मिलीलिटरच्या जागी दोनशे साठ, आणि फेरी फक्त पंधरा मिनिटं लवकर संपेल, जे पर्यटकाला नकोच असतं. तरी त्यांनी स्वतः मोजावं म्हणून तास मोजणारं घड्याळ आणि डिझेलची वही हे दोन्ही अंदाजपत्रकात घातलं. रोज किती तास, किती लिटर, किती प्रवासी, एवढे तीन आकडे. वही सचिव ताईंकडे राहील.

धक्क्याचा खर्च कोणीच धरला नव्हता. पावसाळ्यात धरणाची दारं उघडतात आणि उन्हाळ्यात पाणी कित्येक मीटर मागे सरतं. सिमेंटचा धक्का बांधला तर मे महिन्यात तो कोरड्या चिखलात उभा दिसेल. प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा तरंगता धक्का पाण्याबरोबर सरकवता येतो, त्याचे भाव मागवले आहेत. ते आले की बोटीच्या किमतीत मिळवून कर्जाचा अर्ज जिल्हा बँकेकडे जाईल. लाँचच्या बाजूने ठराव झाला आहे, दोन सभासदांचा विरोध नोंदवून.